वायरगार्ड, पावसाळ्यापासून आजपर्यंत: अपडेटमध्ये टनेल पडतं, पण परत उभं राहतं

वायरगार्ड म्हणजे घरच्या लॅपटॉपला इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर; त्या जोडणीला टनेल म्हणतात. त्याचा वेग, एन्क्रिप्शन, सेटअप यावर सगळीकडे लिहून झालंय, ते पुन्हा सांगत नाही. मला फक्त अपडेटबद्दल बोलायचंय. आमचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटला, माणसं मात्र डोंबिवली, बदलापूर, पनवेलपर्यंत पसरलेली, आणि बरेचसे लॅपटॉप घरीच असतात. अशा कंपनीत व्हीपीएन क्लायंट, म्हणजे लॅपटॉपवरचा प्रोग्राम, एकदा बसवणं सोपं असतं. तो अपडेट करणं अवघड, कारण ज्या वाटेने अपडेट पाठवायचं तीच वाट अपडेट होताना बंद होते.

आधीचा क्लायंट पैसे मोजून घेतलेला, दर माणशी वार्षिक परवाना. नाव घेत नाही. त्याचा इन्स्टॉलर आधी जुनी आवृत्ती काढायचा. टनेल पडायचं आणि ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमधल्या उरलेल्या फाइलपर्यंत तो पोचायचाच नाही. जुनं गेलेलं, नवं आलेलं नाही, आणि रिमोटने हात घालायला व्हीपीएनच नाही! जूनमध्ये आमच्या अकाउंट्सच्या मॅडम जीएसटीचं रिटर्न तोंडावर असताना भर पावसात बदलापूरहून लोकलने लॅपटॉप घेऊन ठाण्याला आल्या. सपोर्टचं उत्तर एकच, "मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर आणा." वर नूतनीकरणाचं कोटेशन वाढवून पाठवलं. वाढीव पैसे देऊन माणसांना असं पळवायचं, हे मला पटलं नाही.

वायरगार्डच्या विंडोज एमएसआयमध्ये (इन्स्टॉलरच्या फाइलमध्ये) हीच गोष्ट नीट विचार करून केलेली आहे. अपडेटआधी तो टनेलची सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) स्वतः थांबवतो आणि काम झालं की पुन्हा सुरू करतो. अपडेट फसून मागे फिरलं, तरी टनेल परत उभं करतो. मला बाकी काही नसतं मिळालं तरी एवढ्यासाठी मी हा क्लायंट घेतला असता. शिवाय टनेल विंडोज सर्व्हिस म्हणून चालतं, त्यामुळे कोणी लॉगिन करण्याआधीच जोडलेलं असतं आणि डोमेनचा, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरच्या लॉगिनचा, बदललेला पासवर्डही घरच्या घरी चालतो.

पाठवण्याची पद्धत मात्र आपणच नीट बसवावी लागते. ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना ऑफिसमधून एकदम लावलेल्या विंडोजच्या नियमांनी) स्टार्टअपला इन्स्टॉल करण्यावर विसंबू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करून पुन्हा चालू केलेलं मशीन खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतच नाही, आणि इन्स्टॉलेशन रीस्टार्टपर्यंत लटकतं. आम्ही फाइल आधी बिट्सने (विंडोजची मागच्या मागे डाउनलोड करणारी सोय) लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवतो. मध्येच वीज गेली, नेट तुटलं, तरी डाउनलोड थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पूर्ण फाइल आली की विंडोजचा टास्क शेड्युलर (ठरवून दिलेलं काम आपोआप चालवणारा) सिस्टम खात्याने लोकल डिस्कवरूनच इन्स्टॉल करतो. इन्स्टॉलरकडून कोड 1618 आला तर दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, टास्क थोड्या वेळाने पुन्हा चालवायचा. 3010 म्हणजे काम झालं, फक्त रीस्टार्ट हवा.

सुरुवातीला मी पाचपैकी पाच दिले असते. आता चार. लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटवर असो की नेट अर्धवट असो, खिडकीत टनेल ‘अॅक्टिव्ह’च दिसतं, मग "हिरवं दिसतंय, पण टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडत नाही" असे फोन येतात. म्हणून सगळ्यांना शेवटच्या हँडशेकची, म्हणजे लॅपटॉप आणि सर्व्हरने एकमेकांना ओळखल्याची, वेळ बघायला शिकवलं. वापर चालू असताना तो साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो. तो जुना दिसला तर सर्व्हरपर्यंत काही पोचत नाहीये. हे चिन्हातच कळायला हवं होतं. साध्या वापरकर्त्याला टनेल चालू-बंद करू द्यायचं असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) वायरगार्डची मर्यादित खिडकी दाखवण्याची नोंद करून त्याला नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स गटात घालावं लागतं.

प्रत्येक मशीनची वेगळी की (ओळखीची गुप्त किल्ली) बनवणं, नोंद ठेवणं, माणूस सोडून गेला की सर्व्हरवरून त्याचा पिअर (त्याच्या मशीनची नोंद) काढणं, हे सगळं आपल्या अंगावर. ओटीपी आत नाही, म्हणून टॅलीच्या सर्व्हरवर तो वेगळा लावला. आणि वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं (यूडीपी आणि टीसीपी या नेटवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धती). ग्राहकाच्या ऑफिसात किंवा हॉटेलात यूडीपी अडवलेलं असेल तर जोडणी होणारच नाही. तुमची माणसं सतत अशा ठिकाणी बसत असतील तर टीसीपीवर चालणारा ओपनव्हीपीएन हा दुसरा व्हीपीएन सोबत ठेवा. आमच्या दोन सेल्सवाल्यांना तोच दिलाय. वाचलेल्या परवान्याच्या पैशांतून ऑफिसला दुसरी इंटरनेट लाइन घेतली.