रविवारचा पेपर पुन्हा लावला: पावसाळ्यापासून हुरड्यापर्यंतचा अनुभव

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईच्या आसपास घरोघरचा पेपर थांबला. पुढे बऱ्याच घरांत तो परत सुरू झाला, आमच्याकडे मात्र थांबला तो थांबलाच. बातम्या मोबाईलवर येतच होत्या, रद्दी साठत नव्हती, माळा रिकामा होता, कुणाची तक्रार नव्हती. गेल्या जूनमध्ये सासू-सासरे डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "पेपर कुठाय?" त्यांना ई-पेपर उघडून दिला. दोन बोटांनी अग्रलेख मोठा करायचा, ओळ संपली की पान सरकवायचं, पुढची ओळ शोधायची. दहा मिनिटांत मोबाईल परत माझ्या हातात आला.

पेपरवाल्याशी बोलणी झाली. नुसता रविवार परवडत नाही म्हणाला, शनिवार-रविवार घ्या. मग शनिवारी एक आणि रविवारी तीन असं ठरलं. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही, हा अनुभव सगळा शनिवार-रविवारच्या पुरवण्यांचा आहे. 'लोकसत्ता'ची 'लोकरंग', 'महाराष्ट्र टाइम्स'ची 'संवाद', 'सकाळ'ची 'सप्तरंग', 'लोकमत'ची 'मंथन', 'सामना'ची 'उत्सव' ही नावं मराठी घरांना सांगायला नकोत. यातल्या आमच्याकडे कुठल्या येतात ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे थोडं कुरकुरणार आहे.

आधी मुद्द्याचं. घरात एकटेच असाल तर रविवारचा पेपर लावू नका. हा माल चार-पाच माणसांत वसूल होतो. आठ वाजेपर्यंत आमच्याकडे अंकाची पानं सुटी झालेली असतात. मुख्य अंक सासऱ्यांकडे, शब्दकोडं सासूबाईंकडे, क्रीडा नवऱ्याकडे, आणि पुरवणी जो आधी चहा संपवेल त्याच्याकडे. नववीतली लेक राशिभविष्य मोठ्याने वाचते, तेही दोन पेपरांतलं, म्हणजे एकात धनलाभ आणि दुसऱ्यात खर्च निघाला की तिला आनंद. कुणीतरी "हे ऐका" म्हणून एखादा परिच्छेद वाचतं, दुसरं कुणी "कोणत्या पानावर?" विचारतं, आणि पान सापडत नाही, कारण ते कोथिंबिरीखाली गेलेलं असतं. मोबाईलवर आम्ही पाचही जण रोज वाचतोच. एकमेकांना काय वाचलं ते सांगत नव्हतो.

बातम्यांचं लवकर आटपते. डोंबिवलीत रविवारी सगळ्यात मन लावून वाचली जाणारी बातमी म्हणजे मेगाब्लॉक: कुठल्या स्थानकांदरम्यान, धीम्या मार्गावर की जलद, किती वाजेपर्यंत. त्यावर आमचा दिवस ठरतो. बाकी पुरवणीत ताजी बातमी शोधू नये. ती आधीच छापून तयार असते, त्यामुळे शनिवारी रात्री जग उलटंपालटं झालं तरी रविवारची पुरवणी शांत. एकदा पुरवणीत एका संघाच्या फॉर्मचं भरभरून कौतुक होतं आणि त्याच दिवशीच्या मुख्य अंकात पहिल्या पानावर तो संघ सपाटून हरलेला. आठवडाभर मागे पडलेल्या एखाद्या प्रश्नावरचा लांब लेख मात्र पुरवणीतच वाचावा. पाणीवाटप, साखर कारखाने, शाळांची पटसंख्या अशा विषयांवर फोनवर मी तीन परिच्छेदांपुढे जात नाही, कागदावर शेवटपर्यंत जाते. का ते माहीत नाही. पान मधेच संपलं की मागे वळून बघायची सोय असते, त्याने असेल.

आता खाणं. इथे मी जरा वेळ घेणार आहे.

जून सुरू झाला की स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. त्याच सुमाराला एका पुरवणीत रानभाज्यांचं अख्खं पान आलं: टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. फोटो सुरेख, मजकूर गोड, 'निसर्गाची देणगी' वगैरे. पाककृतीही होती. शेवळं चिरा, चिंचेच्या कोळात उकळा, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, काकडं कुठायत यात?" काकडं म्हणजे काकडी नव्हे. शेवळांबरोबर त्याच बायका छोटी हिरवी आंबट फळं विकतात, ती. शेवळं खाजरी असतात आणि काकडांच्या रसाने ती खाज मोडते, म्हणून ही जोडी कुणी तोडत नाही. सासूबाई पेणच्या, त्यांना हे कुणी शिकवायला नको. पण ज्या घरात पेणच्या सासूबाई नाहीत तिथे त्या रविवारी घसा धरून बसलेली माणसं असणार. पुढच्या रविवारी चूकभूल छापून येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही.

तेव्हापासून मी पुरवणीतल्या पाककृतींचे दोन गट केलेत. लिहिणाऱ्याने स्वतः ओट्याशी उभं राहून केलेल्या, आणि कुठूनतरी जमवलेल्या. पहिल्या गटातल्या ओळखायला सोप्या असतात, त्यांत कुठेतरी एक भीती लिहिलेली असते. 'इथे गॅस बारीक केला नाहीत तर खाली लागेल', 'उकड गरम असतानाच मळा, हात भाजतो पण इलाज नाही'. दुसऱ्या गटात सगळं आवश्यकतेनुसार: पाणी आवश्यकतेनुसार, तेल आवश्यकतेनुसार, मीठ चवीनुसार, शेवटी 'कोथिंबीर घालून सर्व्ह करा'. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ते केव्हाच सरलं, पण पुरवण्यांमधून नाचणी अजून उतरलेली नाही. नाचणीचा केक, नाचणीचे मोमो, नाचणीचा पिझ्झा. आम्ही केक केला. लेकीने एक तुकडा खाऊन "हेल्दी आहे" एवढंच म्हटलं. सासऱ्यांनी नाचणीची भाकरी आणि लोणी मागितलं.

श्रावणात पातोळ्यांची कृती मात्र अशी आली की कापून फ्रीजवर लावली. हळदीचं पान कुठल्या बाजूने घ्यायचं, तांदळाचं पीठ किती पातळ भिजवायचं, काकडीचा रस निघाला तर काय, सगळं होतं. आणि डिसेंबरात हुरड्यावर आलेला लेख. हुरडा पार्ट्यांच्या जाहिराती तर ढिगाने येतात. या लेखात मात्र गूळभेंडी आणि सुरती या हुरड्याच्या ज्वारीच्या वाणांतला फरक होता, आगटीत गोवऱ्यांची धग किती असावी हे होतं, कणीस भाजून हातावर चोळताना चटका बसतो तेही होतं. लिहिणारा आगटीशी बसलेला होता, दुसरं काय. नवऱ्याने लेख वाचून बार्शीच्या मित्राला फोन केला आणि आमची तिकडे वर्णी लागली. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, आणि मांडीवर सांडलेली कुसं.

भटकंतीच्या पानांना वार्षिक वेळापत्रक असतं हे सलग वाचल्याशिवाय कळत नाही. जूनमध्ये धबधबे, जुलैत 'धबधब्यांवर जाताना घ्यायची काळजी', सप्टेंबरात कास, दिवाळीआधी जलदुर्ग, थंडीत पक्षी. कासच्या पठारावरची फुलं सुंदर आहेत यात वाद नाही, पण ऐन बहरातल्या रविवारी कासवर लेख छापणं म्हणजे भरलेल्या डोंबिवली फास्टला आणखी माणसं बोलावणं. असा लेख दोन आठवडे आधी यावा, त्यात येण्याजाण्याची आणि नोंदणीची माहिती असावी, आणि शक्यतो मधल्या वारी जा असं स्पष्ट लिहावं. आमच्याकडे आला तो सुट्टीच्या सकाळी, 'आजच निघा'च्या थाटात.

जवळच्या जागांवरचे छोटे लेख जास्त उपयोगी निघाले. अंबरनाथचं शिवमंदिर आमच्यापासून लोकलने ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर ओलांडलं की आलंच. इतकी वर्षं इथे राहून मी ते महाशिवरात्रीच्या गर्दीसाठीच ओळखत होते. एका लेखात वाचलं की तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, असा काळ आहे, राजा शिलाहारांचा मुम्मुणी, आणि गाभारा जमिनीपेक्षा खाली आहे. मेगाब्लॉक नसलेला रविवार बघून गेलो. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं आणि मान वर केली की छताऐवजी आकाश. बाहेरच्या भिंतींवर एवढी शिल्पं की सासरे लेखाचं कात्रण हातात धरून एकेक जुळवत राहिले. लेखात भूमिज शैली असा शब्द होता. तो समजावून सांगितलेला नव्हता, तेवढी कसर. तिकिटाचा खर्च वडापावपेक्षा फार नव्हता.

खरी वसुली भिलारने केली. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातलं हे गाव 4 मे 2017 पासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जातं. सुरुवातीला 25 ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं ठेवली, कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. पुरवणीतला लेख असा होता की वाचूनच सासूबाईंनी बॅग काढली. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून ही कल्पना घेतली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. इथे विकत काही नाही, बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. ओसरीवर आपण वाचत असतो आणि आतून कुकरची शिट्टी ऐकू येते. आम्ही स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलो, त्यामुळे लेकीचं एक पुस्तक आणि एक पाटी असं चाललं होतं. नवरा दुपारभर एका घरात शिकारकथा वाचत बसला आणि शेवटची तीस पानं राहिली म्हणून हळहळला. मालकीणबाई म्हणाल्या, "या की पुन्हा, पुस्तक कुठं जातंय." खाणं, भटकंती आणि पुस्तकं या पुरवणीच्या तीन वेगळ्या पानांवरच्या गोष्टी एकाच ओसरीवर मिळाल्या.

पुस्तकांच्या पानाबद्दल मात्र माझं मत कडक होत गेलंय. परीक्षणं फार सौम्य असतात. तीन चतुर्थांश मजकुरात कथानक, मग 'काही ठिकाणी मुद्रणदोष खटकतात', आणि शेवटी 'मुखपृष्ठ समर्पक असून पुस्तक वाचनीय व संग्राह्य आहे'. सासूबाई आता परीक्षण शेवटून वाचतात. संग्राह्य असेल तर सोडून देतात. ज्या परीक्षणात लिहिणारा पुस्तकाशी भांडलेला असतो ते पुस्तक आम्ही वाचनालयात मागतो. असं परीक्षण महिन्यातून एखादंच सापडतं, पण त्यावरून आणलेलं पुस्तक अजून फसलेलं नाही. परीक्षणाखालच्या बारीक टायपातल्या ओळीला माझे पूर्ण गुण: प्रकाशन, पानं, किंमत. ऑनलाइन शिफारशींमध्ये पानांची संख्या कुणी सांगत नाही, आणि लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला तीच आधी हवी असते.

दिवाळीनंतर हे पान जिवंत होतं. 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनची ही परंपरा, आणि इतके अंक एका घराने विकत घेणं अशक्य. पुरवण्यांतून येणारे दिवाळी अंकांचे परिचय आम्ही वाचनालयाच्या योजनेसाठी वापरले. एकदाच वर्गणी भरायची आणि काही महिने अंक बदलत राहायचे. कुठला अंक आधी उचलायचा यावर घरात मतदान होत असे. विनोदी अंक दर वेळी बहुमताने आला.

कागदाविषयी थोडं. पावसात पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत आला तरी एक कोपरा भिजतोच, आणि तो कोपरा कोड्याचा असतो. पहाटे स्टेशनजवळ बसून पोरं हाताने पुरवण्या भरतात, त्यात कधी एक राहून जाते, कधी एकच दोनदा येते. निरोप पाठवला की दुपारपर्यंत आणून देतात. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी पेपर नसतो हे मी विसरले होते, सासरे दाराशी दोनदा जाऊन आले. रद्दी तीन महिन्यांतून एकदा जाते. पूर्वी चकल्या निथळायला पेपर वापरायचो, आता शाईमुळे तसं करू नये असं अन्नसुरक्षेवाले सांगतात, तेव्हा फराळाला टिपकागद. कपाटाच्या फळ्यांना मात्र अजून पुरवणीच. शर्ट काढायला जावं आणि मागच्या ऑगस्टमधला लेख वाचत उभं राहावं, हा तोटा धरा किंवा फायदा.

तीन पेपर जास्त होतात, हे सगळ्यांना मान्य आहे. एप्रिलपासून एक बंद करायचा ठरलाय. शेवळांत काकडं विसरलेला बंद करावा असं सासूबाईंचं म्हणणं, पण कोडं त्यातलंच सगळ्यात चांगलं आहे, त्यामुळे त्याही जोर लावत नाहीत.