झाकणाची कोळसा-शेगडी : हिवाळाभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या ५७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाच्या कोळसा-शेगडीवर सहा वेळा मांस शिजवून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. ती घेण्यामागे उद्देश एकच होता : अमेरिकेतील टेक्सासमध्ये बीफ ब्रिस्केट, म्हणजे गोवंशाच्या छातीचे मांस, ज्या रीतीने तासन्‌तास मंद धुरावर शिजवतात, तसे मांस नागपुरात घराच्या गच्चीवर तयार व्हावे आणि बार्बेक्यू सॉस घालून त्याचे टाको (मक्याच्या पोळीत सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ) करता यावेत. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे आम्ही मोमिनपुऱ्यातून म्हशीच्या छातीचे अडीच किलो मांस आणतो. त्यात चरबी कमी असते आणि आच जरा वाढली तरी ते वातड होते, म्हणून या शेगडीची खरी परीक्षा आच मंद ठेवण्यातच आहे.

त्या परीक्षेत ती उत्तम उतरली. अर्धगोल भांडे, तसेच झाकण आणि दोन्हींना हवेची झडप, हा घाट जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये अमेरिकेत पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून घडवला होता, आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे. कोळसा कडेने अर्धवर्तुळात दुहेरी ओळीने मांडून फक्त एका टोकाला पेटवला, खालची झडप बोटभर उघडी ठेवली आणि जाळीखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवले, की जाळीजवळचे तापमान पाच तास ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान टिकते. मांसाचे आतले तापमान ७० अंशांच्या आसपास आले की बराच वेळ पुढे सरकत नाही, कारण माठातील पाणी जसे पाझरून गार होते, तसेच मांसावरचा ओलावा उडून जाताना त्याला थंड ठेवतो. या टप्प्यावर घाबरून कोळसा वाढवू नये. मांस कागदात घट्ट गुंडाळून परत ठेवावे. कोलॅजन या मांसातील चिवट प्रथिनाचे मऊ जिलेटिन होऊन ९३ अंशांवर सुई लोण्यात शिरावी तशी मांसात शिरते, तेव्हाच ते उतरवावे.

झाकणावरचा तापमापक मात्र निरुपयोगी आहे. जाळीवर ठेवलेल्या वेगळ्या प्रोबपेक्षा (तापमान मोजणाऱ्या सुईपेक्षा) तो सातत्याने २५ ते ३० अंश जास्त दाखवतो, आणि त्याच्यावर विसंबल्यामुळे आमचे पहिले मांस नऊ तासांनंतरही कच्चेच राहिले. तळाची झडप तिसऱ्या वापरानंतर राखेने अडकू लागली. बदली भागासाठी विक्रेत्याला दोनदा लिहिले, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. या किमतीच्या वस्तूबाबत ही हयगय मला अक्षम्य वाटते.

इंधनाविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बाजारातला लाकडी कोळसा लहानमोठ्या तुकड्यांचा असल्याने भराभर आणि असमान जळतो, ठिणग्याही फार उडवतो. नारळाच्या करवंटीच्या विटा महाग असल्या तरी मंद आणि एकसारख्या जळतात. टेक्सासमध्ये धुरासाठी वापरतात ते मेस्किटचे झाड आणि आपली विलायती बाभूळ प्रोसोपिस या एकाच वंशातील आहेत, हे कळल्यावर मी ते लाकूड उत्साहाने वापरले, परंतु इतक्या तासांच्या धुराने मांसाला कडसर चव आली. काटोलकडच्या बागेतून छाटणीनंतर आणून वाळवलेल्या संत्र्याच्या फांद्यांचा धूर मात्र सौम्य आणि किंचित गोडसर आहे, आणि आता आम्ही दुसरे लाकूड वापरत नाही.

सॉस टोमॅटो, व्हिनेगर, काकवी आणि भिवापुरी मिरचीचे करतो. काकवीतील साखर लवकर करपते, म्हणून तो मांस उतरवण्याच्या अगदी शेवटच्या वीस मिनिटांत, कागद काढून लावावा.

उतरवलेले मांस जाड टॉवेलात गुंडाळून तासभर डब्यात ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात शेगडीचा दुसरा उपयोग होतो. झाकण काढून खालची झडप पूर्ण उघडली की उरलेले निखारे फुलतात, आणि त्यांच्यावर लोखंडी तवा ठेवून टॉर्टिया, म्हणजे टाकोसाठीच्या मक्याच्या पोळ्या, भाजता येतात. मक्याचे साधे पीठ थापताना तुटते; चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवलेला आणि नीट धुऊन वाटलेला मका मात्र चांगला चिकटून येतो. आई त्याच्या तळहाताएवढ्या टॉर्टिया थापते, त्या तव्यावर टम्म फुगतात, आणि मांस सोडवून होईपर्यंत निखारे पुरतात.