अकादमीचं हॉस्टेल की भायखळ्याची लोकल?

मुलगा तेरा-चौदाचा होतो, बास्केटबॉलशिवाय त्याला काही सुचत नाही आणि घरात विषय निघतो: लांबच्या निवासी अकादमीत घालायचं की घरी ठेवून खेळवायचं? आमच्या ठाण्यातल्या, पाचपाखाडीच्या घरात तो दीड वर्षापूर्वी निघाला. सध्या कुणाकडे निघाला असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

अकादमीवाले प्रिन्सपाल सिंगचं उदाहरण देतात आणि ते खोटं नाही. गुरदासपूर जिल्ह्यातलं पोर, लुधियानाच्या अकादमीत घडलं. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडाला एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, अकादमी निघाली, तिथे गेलं, तिथून ऑस्ट्रेलिया. २०२० मध्ये, विशीच्या आत, अमेरिकेतल्या जी लीग इग्नाइटशी करार. जी लीग म्हणजे एनबीएच्या खालची लीग, इग्नाइट हा तिच्यातला संघ. पुढच्या वर्षी समर लीग, म्हणजे एनबीए संघांची उन्हाळी स्पर्धा, जिंकणाऱ्या सॅक्रॅमेंटो किंग्जच्या संघात तो होता. त्याच्याआधीचा सतनाम सिंग तर चौदाव्या वर्षीच फ्लोरिडाला गेला आणि २०१५ ला एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२ वा निवडला. ठाण्यात राहून हे झालं नसतं, हे मान्यच. फक्त पुढचंही सांगायला हवं. सतनामला एनबीएच्या मुख्य हंगामात एकही सामना मिळाला नाही आणि प्रिन्सपालची इग्नाइट २०२४ मध्ये बंदच झाली.

तरी आमचं मन अकादमीकडेच झुकलेलं होतं. चाचणीला घेऊन गेलो. कुठली ते सांगत नाही.

तिथे टेबलामागच्या गृहस्थांनी पोराच्या आधी मलाच भिंतीच्या पट्टीला उभं केलं. चपला काढायला लावल्या. पाच फूट साडेपाच. "आणि आई?" पाच दोन. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि मनगटाचा एक्स-रे आणलाय का विचारलं. हाडं अजून किती वाढणार ते त्यात दिसतं म्हणे. तोवर पोराच्या हातातला बॉल एकदाही जमिनीला लागला नव्हता. त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. सतनामचे वडीलही सात फुटांच्या घरातले आणि उंची काही कोच शिकवू शकत नाही. पण आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन चाली रचणारा, खेळतो हो! परतीच्या गाडीत तो गप्प होता. कल्याण आल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही लहानपणी लटकायचा नाही का?"

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आता तो आठवड्यातून चार दिवस लोकलने भायखळ्याला उतरून नागपाड्याला खेळायला जातो. मुंबईच्या बास्केटबॉलचं माहेरच ते. तिथल्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टाच्या आसपास वाढलेल्या पोरांना बॉल कसा फिरवायचा हे सांगावं लागत नाही. त्यांच्याविरुद्ध खेळताना पहिले दोन महिने आमच्याच्या हातातून बॉल नुसता काढून घेतला जायचा. तिसऱ्या महिन्यात डावा हात चालायला लागला. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आकडे मागू नका.

त्रास आहेच. दहावीचा क्लास सकाळी, जेवण रात्री साडेनऊला, पावसात गाड्या रखडल्या की बुडाली प्रॅक्टिस. अकादमीत आहार, जिम, फिजिओ एका छताखाली मिळतं. इथे फिजिओ म्हणजे आईच्या हातची गरम पाण्याची पिशवी. पोरगं चौदाव्या वर्षीच सव्वासहा फूट असेल आणि घर सोडायला तयार असेल, तर माझं ऐकू नका, चाचणीला जा. बाकीच्यांनी एक वर्ष लोकलचं करून बघायला हरकत नाही, असं आपलं मला वाटतं.

जाताना गर्दी उलटी असते, बसायला मिळतं. येताना भायखळ्याला बदलापूर फास्टच्या नादी लागू नका, ठाणे स्लो पकडा. आणि बॉल रॅकवर न ठेवता पायांत धरायला सांगा. आमचा एक कळवा कारशेडला गेलाय.