सिथियन वाचायला घ्यायचेत: आधी काळ्या समुद्राचं सोनं की अल्ताईचा बर्फ?

सिथियनांचा, म्हणजे स्टेपवरच्या (युरेशियाच्या गवताळ मैदानांवरच्या) प्राचीन घोडेस्वार भटक्यांचा, नाद लागला की लवकरच रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट काळ्या समुद्राच्या उत्तरेला, युक्रेन-क्रिमियातल्या कुर्गानांकडे, म्हणजे थडग्यांवर रचलेल्या मातीच्या टेकाडांकडे जाते: सोलोखा, कुल-ओबा, तोव्स्ता मोहिला. दुसरी दक्षिण सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांकडे. नोकरी सांभाळून वाचणाऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाहीत. मी आधी पहिल्या वाटेने गेलो आणि चांगला रमलो. हल्ली मुक्काम बहुतेक दुसरीकडेच असतो.

सोन्याच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मुख्य म्हणजे सोबतीला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस असतो. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या त्याच्या ग्रंथाचा चौथा भाग उघडा. मेलेल्या राजाचं पोट साफ करून त्यात सुगंधी बिया भरतात, अंगाला मेण फासतात आणि गाड्यावरून प्रेत टोळ्याटोळ्यांतून फिरवतात. हे वाचून कुर्गानांच्या अहवालाकडे वळलं की मजकूर भराभर पुढे सरकतो. शिवाय वस्तूच अशा आहेत की फोटोतही भागतं. बोरिस मोझोलेव्स्की हा मुळातला कवी. त्याने 1971मध्ये तोव्स्ता मोहिलातून सोन्याचा उरोभूषणाचा पट्टा काढला. वजन किलोच्या वर. खालच्या ओळीत ग्रिफिन (पंखवाले काल्पनिक पशू) घोड्यांना फाडताहेत आणि वरच्या ओळीत दोन उघडे पुरुष मेंढीच्या कातड्याचा सदरा दोन्ही बाजूंनी धरून बसलेत. एवढ्या मौल्यवान दागिन्यात एवढं घरगुती काम! पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सोडवत नाही.

मग मी तिथून का हललो? एका कटकटीमुळे. दर वस्तूपाशी तोच प्रश्न आडवा येतो: हे सिथियन आहे की सिथियन गिऱ्हाइकासाठी ग्रीक सोनाराने घडवलेलं? सोलोखाचा 1913मध्ये सापडलेला सोन्याचा कंगवा घ्या. त्यावर तीन योद्धे लढताहेत. दाढ्या, विजारी स्टेपच्या, पण घोडेस्वाराचं शिरस्त्राण ग्रीक घाटाचं आणि हातही ग्रीक कारागिराचा. कुल-ओबाच्या पेल्यावर एक जण धनुष्याला दोरी चढवतोय, एक दुसऱ्याचा दात तपासतोय, एक जखमी पायाला पट्टी बांधतोय. हा सिथियनांच्या मूळपुरुषाच्या मुलांचा कथाभाग, की ग्रीक नजरेला गमतीशीर वाटलेले परके लोक? विद्वान दोन्हीकडून बोलतात, आणि दोघांचंही पटतं. हिरोडोटसही शेवटी ग्रीकच. काही काळाने मला वाटायला लागलं की मी सिथियन वाचतच नाहीये, शेजाऱ्यांनी केलेलं त्यांचं वर्णन वाचतोय. कुणाला यातच गोडी वाटेल. मला ते फार दिवस सोसलं नाही.

पाझिरिकला ही कटकट पुष्कळ कमी होते. 1929मध्ये सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ ग्र्याझ्नोवने पहिलं मोठं थडगं उघडलं, 1947 ते 49मध्ये त्याचाच देशबंधू रुदेन्कोने बाकीची. इथली गंमत अशी की चोर प्राचीन काळीच येऊन गेले होते. धातू त्यांनी नेला, आणि त्यांनी पाडलेल्या भोकातून पाणी झिरपून आत गोठलं. म्हणून जे त्यांना कवडीमोल वाटलं ते सगळं आपल्याला मिळालं: चामडं, लाकूड, रेशीम, माणसाच्या कातडीवरचं गोंदण, घोड्यांना चढवलेले शिंगांचे मुखवटे. आणि नमदा, म्हणजे आपल्या बुरणुसाच्या जातीचं, लोकर दाबून केलेलं कापड. त्या नमद्याचे हंस आहेत, आत हरणाचे केस भरलेले. पहिल्या थडग्यातल्या घोड्यांच्या कानांवर निरनिराळ्या खुणा होत्या. वेगवेगळ्या कुळांनी एकेक घोडा आणून दिला असावा, असा त्यावरून एक तर्क आहे. असल्या तर्काला ग्रीक मध्यस्थ लागत नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. फोटोत यातलं बरंच काही जुन्या चिंध्यांसारखं दिसतं. काटेकोर अभ्यासक पाझिरिकवाल्यांना सिथियन म्हणणारही नाहीत, सिथियन जगातले दूरचे भाऊबंद म्हणतील. राजांची नावं नाहीत, गोष्ट नाही. पाचव्या थडग्यातला प्रसिद्ध गालिचा तिथलाच की इराणकडून आलेला, हा वाद आहेच. म्हणजे तीच कटकट इथेही डोकावते, पण सगळं घर व्यापत नाही.

उलट हिरोडोटसची सर्वांत अविश्वसनीय गोष्ट अल्ताईतच खरी ठरली. सिथियन तंबूत शिरून तापलेल्या दगडांवर भांगेचं बी टाकतात आणि वाफेने खूश होऊन ओरडतात, असं तो सांगतो. दुसऱ्या थडग्यात सहा काठ्यांचा सांगाडा निघाला, आणि दगड व जळकं बी असलेलं कांस्याचं भांडंही. काळ्या समुद्रापासून हजारो किलोमीटरवर!

तेव्हा ग्रीक कलेची आवड असेल, किंवा लवकर रंगायला हवं असेल, तर सोन्यापासून सुरुवात करा, त्यात काही बिघडत नाही. नाशिकच्या लेण्यांतला शक क्षत्रप नहपान वाचून, शक म्हणजे सिथियनांचेच भाऊबंद म्हणून, त्यांच्या मागावर इकडे आला असाल तर मात्र मी पाझिरिकच सुचवेन. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906मध्ये नहपानाची हजारो चांदीची नाणी निघाली, त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरं आहेतच. ग्रीक चष्मा तुमच्या नाकावर आधीच चढलेला आहे, आणखी एक कशाला?