७०-३०० झूम: हातकणंगल्याच्या मालगाड्यांवर एक हंगाम वापरून

ऊसतोड सुरू झाल्यापासून ही ७० ते ३०० मिमीची झूम लेन्स क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर आहे. काम जवळजवळ सगळं मिरज-कोल्हापूर मार्गावरचं, संध्याकाळचं. लोक ती ३०० मिमीसाठी, म्हणजे लांबचं सर्वांत मोठं दिसावं म्हणून घेतात, पण इथे ती खरी उपयोगी पडते १२० ते २०० मध्ये.

कारण डोंगर. रुळांजवळून ७० ला काढलं तर इंजिनामागचा रामलिंगचा डोंगर ठेंगणा दिसतो. मालकाला विचारून तोडलेल्या रानातून मागे, जवळजवळ तिप्पट अंतरावर सरका आणि २०० लावा. इंजिन तेवढंच राहतं, डोंगर मात्र अंगावर येतो. ऊस उभा असताना हे जमतच नाही.

हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो, म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभं राहायचं. कोल्हापूरकडे येणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं. मिरजेकडे जाणारीचं तोंड काळवंडतं, ती बाजूनेच बरी. विजेचे खांब उत्तरेला असलेला पट्टा शोधा. खांब दक्षिणेला असले की त्यांची सावली नेमकी केबिनवर येते.

सूर्य थोडा वर असताना शटर १/८०० सेकंद, एफ ६.३ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. टेकताना १/५००, एफ ५.६, आयएसओ १६००. ताशी ६० किमीने जाणारी गाडी १/५०० सेकंदात तीन सेंमीहून जास्त सरकते. समोरून ते खपतं, पण बाजूने वाघिणींवरचे आकडे पुसट होतात. तिथे १/१००० हवं. एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवा. तपकिरी वाघिणींनी फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि इंजिनाचा उजळ रंग जळून पांढरा पडतो.

३०० ला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना, कडा मऊ येतात. एफ ८ ला सुधारतात, पण तेवढा उजेड त्या वेळी कुठला! सूर्य बुडाल्यावर फोकस हेडलाइटवर अडखळतो. कंटिन्युअस फोकस (गाडीच्या मागे सतत सरकणारा), एकच पॉइंट, तो इंजिनाच्या समोरच्या काचेच्या खालच्या कडेवर.

उन्हाळ्यात तापलेल्या रानावरची हवा थरथरते आणि दोष लेन्सचा वाटतो. महाग लेन्सनेही हे जात नाही, अंतरच कमी करावं लागतं. तरीही रुळांत उतरायचं नाही: रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी झूमच्या बाहेर आलेल्या नळीवर बसते. ब्लोअरने झटकल्याशिवाय नळी आत घेऊ नका. आत गेलेली काजळी सर्व्हिस सेंटरशिवाय निघत नाही.