सर्वनामांचा तक्ता: वरचा अर्धा पैसे वसूल

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून इंग्रजी सर्वनामांचा लॅमिनेट केलेला तक्ता आणला, ८० रुपयांना. माझ्याकडे शिकवणीला सहावी-सातवीची सेमी-इंग्रजीची पोरं येतात, त्यांच्यासाठी.

वरचा भाग झकास. 'आय, मी, माय, माइन, मायसेल्फ' अशा आडव्या ओळी. 'हर'चं पुढच्या रकान्यात 'हर्स' होतं, पण 'हिज' मात्र दोन्हीकडे 'हिज'च, हे पोरांनी मी न सांगताच हेरलं. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. आपलं कसं, मी स्वतः, तो स्वतः, ते स्वतः; एका शब्दात भागतं. इंग्रजीत त्याची आठ रूपं, म्हणून वह्यांत 'हिजसेल्फ' आणि 'देअरसेल्व्ह्ज' उगवतात. इथे 'हिमसेल्फ'मधलं 'हिम' आणि 'देमसेल्व्ह्ज'मधलं 'देम' लाल अक्षरांत छापलंय. ज्याने कुणी हे केलं, त्याने वर्गात खडू झिजवलेला असणार. शेजारीच दोन चित्रं: 'आय कट मायसेल्फ' आणि 'आय मायसेल्फ कट द केक'. दुसऱ्यातलं 'मायसेल्फ' काढलं तरी वाक्य उभं राहतं, पहिल्यातलं काढलं की बोट कापलं की काय कापलं, पत्ता नाही. रिफ्लेक्सिव्ह (क्रिया स्वतःवरच होते) आणि एम्फॅटिक (नुसता जोर द्यायला) यांतला फरक सांगायला एवढं पुरतं.

खालचा भाग बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी केलाय. डेमॉन्स्ट्रेटिव्ह प्रोनाउनचं, म्हणजे दर्शक सर्वनामाचं, उदाहरण काय, तर 'दिस बुक इज माइन'! अहो, 'बुक' शेजारी बसलंय ना, मग ते 'दिस' विशेषण झालं. 'दिस इज माय बुक' हवं होतं. डिस्ट्रिब्युटिव्हला, म्हणजे एकेकाला धरून बोलणाऱ्या सर्वनामाला, तोच घोळ: 'ईच बॉय गॉट अ प्राइझ'. तिथे 'ईच ऑफ द बॉइज' पाहिजे. शब्दाची जात ओळखायच्या प्रश्नात नेमके इथेच मार्क जातात. मी त्या दोन्ही वाक्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून बरोबर वाक्यं लिहिली आहेत.

लॅमिनेशन इतकं चकचकीत की ट्यूबलाइटखाली मागच्या पोरांना नुसता उजेड दिसतो. खिडकीसमोरची भिंत टाळा. आणि घरी आणल्यावर गुंडाळी दोन दिवस गादीखाली दाबून ठेवा, नाहीतर खालची पट्टी वर वळत राहते.

दुकानदारांना चुका दाखवल्या, तर म्हणाले, "मॅडम, खाली कोण बघतंय? पालक चित्रं बघून घेतात." पाचवीपर्यंतच्या मुलांना बिनधास्त घ्या. मोठ्यांसाठी घेणार असाल तर पट्ट्या आणि डिंक सोबतच आणा.