पट्ट्यांचं झाड, पट्ट्यांचा ओढा: क्विलिंगच्या निसर्गचित्रांचा आठ महिन्यांचा अनुभव

क्विलिंग म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून, वळवून आणि चिकटवून चित्र करायची कला. तिचं साहित्य घेऊन मला आठ महिने झाले. या काळात चार निसर्गचित्रं पूर्ण झाली: एक फुललेलं झाड, एक ओढा, एक डोंगररांग आणि नेच्यांनी भरलेली एक ओलसर कपार. पाचवं टेबलावर अर्धं आहे. शुभेच्छापत्रावर दोन फुलं आणि तीन पानं चिकटवायला एक दुपार पुरते. पण जवळचं काय, लांबचं काय हे कळेल, पाणी वाहतंय असं वाटेल, असं दृश्य उभं करायचं म्हटलं की खेळ पार बदलतो. त्या दुसऱ्या कामाबद्दल सुरुवातीलाच कळलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथं लिहिते आहे.

पहिलं चित्र झाडाचं. खोडाला तपकिरी पट्ट्या, पानांना हिरव्या कॉइल, म्हणजे पट्टी गोल गुंडाळून केलेल्या गुंडाळ्या. सैल कॉइल करायची, टोक चिकटवायचं, दोन बाजूंनी चिमटायची, की डोळ्याच्या आकाराचं पान तयार. अशी 340 पानं केली. सगळी साच्याच्या एकाच गोलात उघडलेली, त्यामुळे सगळी एका मापाची आणि सगळी समोर बघणारी. सुटं पान हातात घेतलं की सुरेख वाटायचं, पण झाडावर लावल्यावर झाड काही दिसेना, नुसती नक्षी दिसायला लागली. चित्र दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवलं आणि खिडकीबाहेरचं झाड नीट बघितलं. आपल्याला कितीतरी पानं कडेनंच दिसतात. काही नुसत्या रेघेसारखी, काही दुमडलेली, आणि मधूनमधून आभाळाचे तुकडे. मी आभाळाला जागाच ठेवली नव्हती.

मग पातळ पात्यानं जवळजवळ शंभर पानं उचकटून काढली. त्यांच्या जागी काही ठिकाणी नुसती एकेरी पट्टी अर्धचंद्रासारखी वळवून उभी लावली, काही ठिकाणी थेंबाच्या आकाराच्या लहान कॉइल लावल्या, आणि बरीचशी जागा मोकळीच ठेवली. झाडात वारा खेळायला लागला. पुढची सगळी चित्रं मी याच एका गोष्टीच्या आधारानं केली आहेत: काय भरायचं यापेक्षा कुठं भरायचं नाही, हे आधी ठरवायचं.

आता साहित्याबद्दल. संचात खाचेचं टूल असतं. पट्टीचं टोक खाचेत अडकवायचं आणि फिरवायचं. शिकताना ते हवंच, त्याच्याशिवाय पहिल्या आठवड्यात हात बसत नाही. पण खाचेमुळे कॉइलच्या मध्यात एक छोटी दुमड राहते. पानात ती लपते. फुलाच्या गाभ्यात किंवा पक्ष्याच्या डोळ्यात मात्र लगेच दिसते. दुसऱ्या महिन्यापासून मी बारीक कामाला सुईचं टूल वापरते. बोटं किंचित ओली करून पट्टीचं टोक सुईभोवती वळवायचं, मग सुई स्थिर ठेवून पट्टी फिरवायची. वेळ दुप्पट लागतो, मध्य मात्र अगदी गोल येतो. टूल जाडसर मुठीचं घ्या, तासाभरानं बोटांना फरक कळतो.

गोल भोकांचा साचा रोज लागतो. चिमटा अणकुचीदार आणि टोकाशी वाकडा असावा, सरळ चिमट्यानं दाट भागात कॉइल ठेवताना शेजारची हलते. पट्टीला नागमोडी चुण्या पाडणारं छोटं यंत्रही घेतलं होतं. खोडाच्या खरखरीत सालीला ते छान चाललं, बाकी ते पडूनच आहे. उलट साधा कंगवा फार उपयोगी पडला. पट्टी एकेका दात्यावरून घेत फासे केले की नेच्याचं पान होतं, आणि कपारीचं चित्र जवळजवळ पूर्ण कंगव्यावर झालं.

डिंकाबद्दल एकच सांगते: कमी लावा. पांढरा, वाळल्यावर पारदर्शक होणारा डिंक बारीक नळीच्या बाटलीत भरून वापरायचा. तोंडाशी आलेला थेंब आधी फडक्याला पुसायचा, मग कॉइलला टेकवायचा. नळी तुंबते, म्हणून काम थांबलं की लगेच टाचणी खोचून ठेवायची. जादा डिंक सपाट पार्श्वभूमीवर चकाकतो, आणि बाजूनं उजेड आला की तो डाग झाडापेक्षा आधी नजरेत भरतो. माझ्या पहिल्या चित्रात असे सात-आठ डाग आहेत.

कागदावर मात्र सविस्तर बोलायलाच हवं, कारण निम्मं चित्र तिथंच ठरतं. तयार पट्ट्या 3 आणि 5 मिलिमीटर रुंदीच्या सहज मिळतात, 1.5 च्याही असतात. एकाच चित्रात तिन्ही वापरल्या की उठाव आपोआप तयार होतो: लांबच्या टेकडीवरची झुडपं 1.5 ची, मधला भाग 3 चा, अगदी पुढचं गवत 5 चं. हे मला तिसऱ्या चित्रात उमगलं. त्याआधी सगळं 5 मध्येच करत होते, म्हणून डोंगर आणि दारातलं रोपटं एकाच रेषेत उभं राहिल्यासारखं दिसायचं.

पट्टीच्या लांबीचा हिशोबही एकदा समजून घ्यावा. माझ्या पाकिटातली पट्टी 52 सेंटीमीटरची आहे आणि तिची घट्ट कॉइल साधारण 9 मिलिमीटर व्यासाची होते. दोन पट्ट्या जोडल्या तर 18 होईल असं वाटतं, पण होते 13 च्या आसपास. लांबी दुप्पट झाली की कॉइलचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, व्यास 1.4 पटच वाढतो. नदीकाठचे गोटे करताना मी पट्ट्या अंदाजानं जोडत गेले आणि सगळे गोटे हव्या मापापेक्षा लहान आले. तेव्हापासून आधी हिशोब, मग कापणं.

तयार पाकिटात हिरवे रंग फार कमी असतात, दोन किंवा तीन, आणि तेही झळझळीत. दृश्याला पिवळट हिरवा, राखाडी हिरवा, जवळजवळ काळा हिरवा, वाळक्या गवताचा हिरवा, असे सगळे लागतात. म्हणून चौथ्या महिन्यापासून मी पट्ट्या घरीच कापते. 100 ते 120 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम भरेल असा), दोन्ही बाजूंनी आणि आतूनही रंगीत असलेला कागद घ्यायचा. नुसता वरून छापील रंगाचा असेल तर कापलेली कड पांढरी दिसते, आणि क्विलिंगमध्ये दिसते ती कडच. कापण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या दिशेनं तो सहज गुंडाळला जातो, त्या दिशेत पट्टीची लांबी ठेवायची. कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात, आणि त्यांच्याविरुद्ध गुंडाळलेल्या पट्टीला बारीक कोन पडतात. शिवाय कॉइलचं शेवटचं टोक कात्रीनं कापण्यापेक्षा हातानं फाडलं तर जोड दिसेनासा होतो.

आता ओढा. या चित्रानं मला सगळ्यात जास्त वेळ अडवून ठेवलं आणि सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्यांदा मी निळ्या कॉइल शेजारी शेजारी बसवल्या. दिसले निळे गोटे. मग थेंबांचे आकार एका दिशेला तोंड करून लावले, तर माशांची खवलं दिसायला लागली. पाण्याला स्वतःचा असा आकार नसतो. तो काठ देतो, दगड देतो, उतार देतो. कॉइल ही बंद गोष्ट आहे, पाणी उघडं. म्हणून कॉइल सोडली आणि पट्टी कडेवर उभी करून नुसती रेघ म्हणून वापरायला घेतली.

या पद्धतीला साधी पट्टी पुरत नाही, ती लवते. 160 जीएसएमच्या आसपासचा जाड कागद 5 मिलिमीटर रुंद कापला. पार्श्वभूमीवर पेन्सिलीनं प्रवाहाच्या रेघा फिक्या काढून घेतल्या. प्रत्येक पट्टीला आधीच वळण दिलं, तेही दुमडून नाही: अंगठा आणि टूलचा दांडा यांच्यामधून पट्टी हलक्या दाबानं ओढली की ती स्वतःच झुकते. मग पेन्सिलीच्या रेघेवर डिंकाची केसाएवढी ओळ, त्यावर पट्टी, आणि डिंक धरेपर्यंत दोन्ही बाजूंना टाचण्या. एका बैठकीत दहा-बारा रेघांपेक्षा जास्त होत नाहीत. घाई केली की आधीची पट्टी कलते, आणि कललेली पट्टी सावली चुकीच्या बाजूला टाकते.

ओढा खरा वाटायला लागला तो तीन गोष्टींनी. लांबच्या टोकाला रेघा एकमेकींच्या अगदी जवळ ठेवल्या आणि पुढं येता येता अंतर वाढवत नेलं. दगडाआधी रेघा फाकवल्या आणि दगडामागं पुन्हा हळूहळू जुळवल्या, कारण पाणी तसंच जातं. आणि निळ्यांच्या मधे दोनच पांढऱ्या पट्ट्या घातल्या, दोन्ही पुढच्या एक-तृतीयांश भागात. पांढऱ्या पाच घालून बघितल्या होत्या, तर फेस वाटत होता. बाकीचं काम उजेडानं केलं. उभ्या पट्टीची सावली पार्श्वभूमीवर पडते आणि दिवसभर सरकत राहते, त्यामुळे सकाळचा ओढा आणि संध्याकाळचा ओढा वेगळा दिसतो. कागदाच्या चित्रात पाणी हलताना बघून जो आनंद झाला, तो अजून ताजा आहे.

आभाळ मी कधीच भरत नाही. फिक्या रंगाचा कागद तसाच सोडते, फार तर दोन पक्षी, एकेरी पट्टीचे. डोंगररांगेत मागचा डोंगर फिका आणि थोडा निळसर, पुढचा गडद, इतकं केलं तरी अंतर कळतं.

आठ महिन्यांत चित्रांचं काय झालं, हेही सांगायला हवं. पहिलं झाड खिडकीसमोरच्या भिंतीवर उघडंच लावलं होतं. त्याची गुलाबी फुलं पाच महिन्यांत फिकटली. एक फूल काढून कॉइल उलगडली, तर आतल्या वेढ्यांचा रंग जवळजवळ पहिल्यासारखा होता, कारण तिथपर्यंत ऊन पोचलंच नव्हतं. दमट दिवसांत दुसरा त्रास झाला. पाया साध्या कार्डशीटचा होता, त्याला बाक आला आणि तीन-चार कॉइल सुटल्या. आता पाया 3 मिलिमीटर जाडीच्या माउंट बोर्डचा घेते आणि चित्र खोल चौकटीत ठेवते, म्हणजे काच पट्ट्यांना टेकत नाही. आम्लरहित असं लिहिलेला कागद मिळाला तर तोच निवडते. स्वस्त रंगीत कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं आणि उजेडानं तो पिवळा पडत जातो. धूळही पट्ट्यांमधे शिरते, फुंकून जात नाही, मऊ कोरडा ब्रशच लागतो.

ही कला काचेआडच टिकते, हे जुन्या लोकांना ठाऊक असावं. युरोपातल्या मठांमधल्या जोगिणी पुस्तकांच्या कडा कापल्यावर उरलेल्या सोनेरी पट्ट्या पिसाच्या टोकावर गुंडाळून धार्मिक चित्रांच्या चौकटी सजवायच्या, आणि त्या पिसावरूनच क्विलिंग हे नाव आलं, असं सांगतात. पुढं 18व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये चहाच्या छोट्या पेट्यांवर गुंडाळलेल्या कागदाचं काम व्हायचं. त्यातल्या काही आजही संग्रहालयांत आहेत. पेटीवर खाचेचा कप्पा करून त्यात कागदकाम बसवलेलं असतं. माझ्या खोल चौकटीकडे बघताना मला त्या पेट्या आठवतात.

वेळेचा हिशोब वहीत लिहून ठेवला आहे: झाडाला 38 तास, ओढ्याला 61, डोंगररांगेला 22, कपारीला 45. दिवसाला एक तास सलग बसता येत असेल तर निसर्गचित्राच्या वाटेला जावं. तेवढा वेळ नसेल तर एकच फांदी करा, पण ती नीट करा. तळहाताएवढ्या चौकटीतली एक फांदी, दोन उघडी पानं, एक कडेनं दिसणारं आणि एक कळी: तीन बैठकींत होते. लहान मुलांबरोबर करायचं असेल तर 5 किंवा 10 मिलिमीटरच्या रुंद पट्ट्या घ्या आणि सुईचं टूल बाजूला ठेवा. मान आणि डोळ्यांना मात्र ताण येतो. मी दर वीस मिनिटांनी उठते आणि काम तिरक्या फळीवर ठेवते.

पाचवं चित्र तळ्याकाठच्या लव्हाळ्याचं आहे. पाती उभ्या जाड पट्ट्यांची, खाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. प्रतिबिंबासाठी त्याच रंगाच्या पट्ट्या एक छटा गडद घेतल्या आणि मधूनमधून तोडल्या, म्हणजे पाणी हलल्यासारखं वाटेल. काल रात्री डावीकडची सहा पाती लागली. सातवं थोडं कलतंय, त्याच्या दोन्ही बाजूंना टाचण्या आहेत, आज संध्याकाळी काढून बघेन.